भरतीचं गणित पोरांना स्वतः तपासू द्या

पोरांना विज्ञान शिकवायचं म्हणून लोक ऑनलाईन किट मागवतात, आपल्या कोकणातल्या पोरांना त्याची काही गरज नाहीये. जवळ जेटी आहे, भिंतीवर तिथीचं कॅलेंडर आहे आणि जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरणार.

हे खरं की खोटं ते तुम्ही सांगू नका. पोरांना उद्याची वेळ आधी वहीत लिहायला लावा, पेनानेच, आणि मग जेटीवर न्या (मोठं माणूस सोबत हवंच, आणि पावसाळी उधाणात अजिबात नको). किती पायऱ्या बुडाल्या ते दर 15 मिनिटांनी मोजायचं. इथे भांडणं होणारच, लाट आली की पायरी बुडते, गेली की उघडी पडते, मग धरायची कुठली? होऊ दे भांडण, नियम त्यांनाच ठरवू दे, लाट मागे गेल्यावरही बुडालेली राहते तीच धरायची असं काहीतरी, फक्त एकदा ठरला की रोज तोच. भरल्यावर पाणी थोडा वेळ तसंच थांबतं, त्यामुळे एकच मिनिट लिहायचा हट्ट नको, पावणेसहा ते सव्वासहा असं लिहिलं तरी चालेल.

अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी खरी वेळ लिहायची. फरक रोज साधारण तेवढाच येत असेल तर तो तुमच्या बंदराचा फरक, सगळीकडे भरती एकाच वेळी होत नाही.

खरी मजा पौर्णिमेला. 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, आणि पुढच्या प्रतिपदेला 1 ची पाऊणपट म्हणजे पाऊण वाजता, एकदम दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारतो का, विचारा आणि गप्प बसा, वहीतच बघू दे. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच सरकते, तिथी दिवसापेक्षा जराशी लहान म्हणून तिथीमागे 48 मिनिटं पडतात आणि हिशोबात मात्र 45 च धरलीयत. 48 धरून 15 तिथींचे बरोब्बर 12 तास होतात, पोरांना मांडून बघू दे.

कुणी भावंडं खाडीच्या आतल्या गावात असतील तर त्याच दिवशी तिथेही मोजायला सांगा, आत पाणी उशिरा भरतं, किती उशिरा ते फोनवर वेळा जुळवून पोरंच काढतील.