रोआनोकचा फलक वाचताना तारीख आणि प्रकाश, दोन्ही सांभाळा

नॉर्थ कॅरोलायनातल्या रोआनोक बेटावरच्या फसलेल्या इंग्रज वसाहतीचे रस्त्याकाठचे फलक ओतीव ॲल्युमिनियमचे, उठावदार अक्षरांचे असतात. समोरून फ्लॅश मारला की अक्षरांची सावली जाते आणि मजकूर सपाट दिसतो. त्यापेक्षा सकाळी किंवा उतरत्या उन्हात फोटो घ्या. ढगाळ दिवशी टॉर्च बाजूने, फलकाला जवळजवळ चिकटून धरा. अक्षरांत खडू घासू नका, रंग खरवडला जातो. गाडी मात्र पांढऱ्या रेषेच्या पूर्ण बाहेर लावा.

मजकुरातल्या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या असतात. अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल, व्हर्जिनिया डेअर, हिचा जन्म १८ ऑगस्ट १५८७, म्हणजे आजच्या गणतीने २८ ऑगस्ट. सनावळी जुळवताना इथेच सर्वाधिक घोळ होतो. १५८५ ची लष्करी तुकडी आणि १५८७ ची कुटुंबांची वस्ती वेगळी. १५९० मध्ये तिचा गव्हर्नर जॉन व्हाइट इंग्लंडहून परतला तेव्हा नाहीशी झालेली ती दुसरी. वस्तीच्या कुंपणाच्या खांबावर ‘क्रोअटोअन’ हे जवळच्या बेटाचे नाव कोरलेले होते, पण संकटाची ठरलेली खूण, क्रूस, नव्हती. जवळच्या फोर्ट रॅलीचा मातीचा कोट १९५० मध्ये पुन्हा उभारलेला आहे, म्हणून फोटोखाली ‘मूळ किल्ला’ लिहू नका.