लहानपणीचा मिस्टर बीन मोठेपणी नीट कसा पाहावा

पोगोवर किंवा भाड्याच्या सीडीवर पाहिलेला मिस्टर बीन पुन्हा पाहायला घेतला की बहुतेकांचं एकच होतं. मोबाइलवर तीन-चार तुकडे पाहतात, जरासं हसतात आणि ‘तेव्हा जास्त मजा यायची’ म्हणून सोडून देतात. यात वयाचा काही दोष नाही. पाहिलेली चीजच अर्धी असते. बीनचा विनोद हा तयारीचा विनोद आहे. चार-पाच मिनिटं एकेक वस्तू मांडत जायची आणि मग सगळं एका क्षणात कोसळवायचं, अशी त्याची रचना. मांडणी कापून नुसता कोसळण्याचा भाग पाहिला तर हाती फक्त वेडंवाकडं तोंड लागतं. म्हणून सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरात सुट्टीला सगळे जमले असतील, तर तो पूर्ण आणि धड कसा पाहायचा, ते इथे सांगतो.

आधी खरा बीन वेगळा काढा

बीनचे तीन प्रकार आहेत आणि आठवणीत ते एकमेकांत मिसळलेले असतात. मूळ मालिका ब्रिटनच्या आयटीव्हीवर १ जानेवारी १९९० ला सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर १९९५ पर्यंत तिचे १४ भाग दाखवले गेले. पंधरावा भाग व्हिडिओ कॅसेटसाठी केलेला. एकेक भाग साधारण २५ मिनिटांचा, म्हणजे सगळी मालिका सव्वासहा तासांत संपते. इतकी लोकप्रिय गोष्ट एवढीशी आहे, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. कार्टून २००२ साली आलं. घरमालकीण मिसेस विकेट आणि तिचं मांजर स्क्रॅपर आठवत असेल, तर ती आठवण कार्टूनची. १९९७ आणि २००७ चे दोन सिनेमे आणखी वेगळे.

पाहायला बसण्याआधी प्रत्येकाने एका कागदावर आपल्याला आठवणारे प्रसंग लिहून काढावेत. भावंडांनी एकमेकांचं न बघता लिहावं. ताईला टर्की आठवते, दादाला मिनी गाडीचं कुलूप, धाकट्याला मांजर. पाहता पाहता खुणा करत गेलात की कोणती आठवण मूळ मालिकेची, कोणती कार्टूनची आणि कोणते दोन प्रसंग डोक्यात जोडले गेलेत, हे आपोआप कळतं. ही दहा मिनिटं वाचवू नका. एकदा पाहून झालं की जुनी आठवण तशीच्या तशी हाती लागत नाही.

भाग मिळवणं

यूट्यूबवर मिस्टर बीनचं अधिकृत चॅनल आहे. तिथे नावापेक्षा लांबी आधी बघा. २४ ते २६ मिनिटांचा असेल तर पूर्ण भाग असण्याची शक्यता जास्त. तीन ते दहा मिनिटांचे तुकडे आणि तासाभराची ठिगळं जोडलेली संकलनं सोडून द्या. उभ्या चौकटीत कापलेले रील तर अजिबात नकोत, कारण बीन ज्याला त्रास देतो तो माणूसच त्यात चौकटीबाहेर गेलेला असतो. सातारा, जावळी, पाटणकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात नेटचा भरवसा नसतो, त्यामुळे भाग आदल्या रात्रीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

कपाटात जुनी व्हीसीडी असेल तर तीही चालते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणून मोठ्या टीव्हीवर धुरकट दिसणारच. तबकडी मऊ सुती फडक्याने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेतच लांबवर पडतो आणि चित्र अडकतं. मधल्या भोकाजवळ तडा असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, फिरताना फुटते. तबकडी चालत असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधल्या डॅट फाइल संगणकावर उतरवून घ्या, व्हीएलसी प्लेअर त्या थेट चालवतो. इंग्लंडहून कुणी डीव्हीडी आणली असेल तर तिचा रीजन, म्हणजे तबकडी जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा क्रमांक, २ असतो आणि आपल्याकडचा ५. रीजनचं कुलूप असलेल्या प्लेअरवर ती लागणार नाही, यात तबकडी खराब असण्याचा प्रश्न नाही.

टीव्हीची मांडणी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ही मालिका ४:३ चौकटीत चित्रित झाली आहे आणि आजचा टीव्ही १६:९ चा. चित्र योग्य लावलं तर पडद्याच्या रुंदीचा पाऊण भाग भरतो आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते राहू द्या. ‘वाइड’ केलंत तर चित्र एक तृतीयांशाने फुगतं. बीन साकारणाऱ्या रोवन ॲटकिन्सनची अंगकाठी सडपातळ, त्याच्या हालचाली लांब हातापायांच्या. फुगवलं की तो सारा डौल जातो. ‘झूम’ केलंत तर वरखालून मिळून पाव चित्र कापलं जातं, आणि बीनच्या निम्म्या गमती चौकटीच्या तळाशी, टेबलावरच्या हातांत घडतात.

टीव्हीच्या चित्र-मेन्यूत ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर ती ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ नावाने असते. लॅपटॉपवर व्हीएलसीत ‘ए’ दाबत गेलं की चौकटीचं प्रमाण बदलतं. झटकन हालचाल झाली की कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर ‘डी’ दाबा. पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीचं चित्र दोन अर्ध्या चौकटी विणून बनतं, त्या नीट जुळल्या नाहीत की तशा रेघा उमटतात.

आवाजाकडे मात्र दुर्लक्ष होतं. बीन फारसं बोलत नाही, पण पुटपुटतो, नाक ओढतो, स्वतःशीच गुणगुणतो. पत्र्याच्या घरात पाऊस कोसळत असताना यातलं काही ऐकू येत नाही, तेव्हा कोरडी संध्याकाळ निवडा किंवा आतल्या खोलीत बसा. भडंगाची पाटी मध्यंतरात फिरवा, दहा जण एकदम चावायला लागले की पुटपुटणं बुडतं. प्रेक्षकांचं हसणं ऐकून काहींना ते खोटं वाटतं, पण स्टुडिओतले प्रसंग खऱ्या प्रेक्षकांसमोर झालेले आहेत. ते हसू कुठे थांबतं आणि बीन त्याच्यासाठी किती थांबतो, इकडे कान द्या. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’साठी थांबणाऱ्या नटाची जाण असलेल्या सांगलीच्या माणसाला हे थांबणं लगेच ओळखू येईल.

कुठल्या भागापासून सुरुवात

सर्वांत लाडका भाग पहिल्यांदा लावू नका. त्याच्याकडून अपेक्षा इतकी असते की तो हमखास फिका वाटतो. आमच्या मते सुरुवात ‘द कर्स ऑफ मिस्टर बीन’पासून करावी. पोहण्याच्या तलावाची उंच फळी आणि बागेतलं सँडविच, दोन्ही त्यातच आहेत आणि कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या संध्याकाळी पहिलाच भाग. मग ‘द रिटर्न ऑफ मिस्टर बीन’. नाताळचा भाग शेवटाकडे ठेवा. एका बैठकीत दोनच भाग, तिसरा नको. एकच माणूस, एकच लय, त्यामुळे तिसऱ्या भागाला डोळे थकतात आणि दोष मालिकेला दिला जातो.

सँडविचचा प्रसंग तीनदा पाहण्यासारखा आहे. पहिल्यांदा सरळ पाहा. बाकावर शेजारी एक गृहस्थ आपलं व्यवस्थित बांधून आणलेलं सँडविच खातोय. बीन कोटातून अख्खा पाव काढतो, कात्रीने कापतो, क्रेडिट कार्डाने लोणी लावतो, लेट्यूसची पानं धुऊन मोज्यात घालतो आणि गरगर फिरवून पाणी काढतो, बरणीतला जिवंत मासा बाकावर आपटतो, मिरी रुमालात ठेवून बुटाने कुटतो. चहासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी. सगळं जमलं की येते शिंक.

दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि फक्त शेजाऱ्याकडे बघा. तो नट अँगस डेटन. त्याने जवळपास काहीच केलेलं नाही, आणि म्हणूनच प्रसंग उभा राहतो. आपण त्याच्या नजरेने पाहत असतो. तिसऱ्यांदा फक्त हात बघा. व्हीएलसीत ‘ई’ दाबून एकेक चौकट पुढे नेता येते. एकही वस्तू घाईत निघत नाही, बीनच्या दृष्टीने प्रत्येक कृती शंभर टक्के तर्कशुद्ध असते. रोवन ॲटकिन्सन इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस आहे. बीनची प्रत्येक अडचण सोडवण्याची पद्धत तशीच आहे: साधन चुकीचं, क्रम अगदी बरोबर.

इंग्रजी न येणाऱ्यांसोबत

आजी-आजोबांना बाजूला बसवू नका. हे पात्र १९८७ साली मॉन्ट्रियलच्या विनोद महोत्सवात मुद्दाम फ्रेंच भाषकांच्या कार्यक्रमात उभं करून पाहिलं होतं, शब्दांशिवाय ते पोचतं का हे तपासायला. तरी दोन ठिकाणी आधी एक-एक वाक्य सांगून ठेवा, मध्येच नको. मध्ये बोललात की ज्या क्षणी शांतता हवी तोच क्षण जातो.

परीक्षेच्या प्रसंगात सांगायचं ते एवढंच: बीन ट्रिग्नोमेट्री करून आलाय, शेजारचा कॅल्क्युलस. पाकिटात दोन रंगांच्या प्रश्नपत्रिका आहेत हे मात्र सांगू नका, शेवटचा फटका तोच आहे. इंग्रजी वाचू शकणाऱ्यांसाठी इथे सबटायटल लावा. हॉटेलच्या प्रसंगात ‘स्टेक टार्टार’ म्हणजे कच्च्या मांसाचा खिमा, हे आधी सांगा. आणि बीन सुरुवातीला खिशातले पैसे मोजून मेन्यूतल्या किमतींशी ताडून बघतो, तिकडे लक्ष वेधा. तो हा पदार्थ का मागवतो ते तिथेच कळतं. तुकड्यांच्या व्हिडिओत बहुतेक वेळा नेमकं हेच कापलेलं असतं आणि थेट पावात, फुलदाणीत, शेजारणीच्या पर्समध्ये खिमा लपवणं सुरू होतं.

चर्चमधल्या प्रसंगाला तर काहीच सांगावं लागत नाही. स्तोत्राचे शब्द येत नाहीत, फक्त ‘आलेलुया’ येतं, म्हणून बीन तेवढंच जिवाच्या आकांताने म्हणतो. गणपतीच्या आरतीत कडव्यांना ओठ हलवणारे आणि ‘जय देव जय देव’ला खच्चून ओरडणारे प्रत्येक घरात असतात.

मोठेपणी काय वेगळं दिसतं

याची मनाची तयारी ठेवा, नाहीतर काही भाग बोचतात. बीन दुष्ट आहे. लहानपणी तो आपल्यासारखा वाटायचा, कारण मोठ्यांच्या जगाचे नियम त्यालाही कळायचे नाहीत. आता आपण शेजारच्या बाकावर बसलेलो असतो. हॉटेलात एका माणसाचं टेबल, स्वतःच लिहिलेलं वाढदिवसाचं कार्ड पाकिटात घालून, मग ते उघडताना झालेलं नवल. मुलाला हे नुसतं वेडेपण वाटतं. चाळिशीतला माणूस इथे हसता हसता थबकतो, आणि थबकलात तर थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका.

बीनची मैत्रीण इर्मा गॉब हिच्याकडे मुद्दाम बघा. ही भूमिका माटिल्डा झीगलरने केली आहे. १९९२ च्या नाताळच्या भागात ती सराफाच्या खिडकीतली अंगठी दाखवते, बीनला वाटतं तिला मागचं चित्र हवंय. तो ते चित्र आणतो, आणि अंगठीच्या डबीतून निघतो चित्र टांगायचा हूक. झीगलरचा चेहरा त्या वेळी एका क्षणासाठी खरोखर आनंदतो. लहानपणी सगळ्यांचं लक्ष डोक्यात अडकलेल्या टर्कीवर होतं, हा चेहरा कुणी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे हा भाग मुलांसोबत एकदा आणि मुलं झोपल्यावर एकदा, असा पाहावा.

घरी सगळे मिळून पाहणं वेगळं, आणि मंडळाच्या मांडवात पडदा लावून दाखवणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागते, व्हिडिओ नेटवर उघडा मिळतो म्हणून ती आपोआप मिळालेली नसते.

लहान मुलं समोर असतील तर ‘डू-इट-युवरसेल्फ, मिस्टर बीन’ दिवाळीच्या सुट्टीत लावू नका. त्यात बीन घरातल्या वस्तू, अगदी फळंसुद्धा, कागदात गुंडाळतो आणि रंगाच्या डब्यात फटाका लावून खोली रंगवतो. घरात फटाक्यांची पिशवी आणि रंगकामाचा उरलेला डबा एकाच वेळी असतो तो हाच आठवडा. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन दोन्ही पेट घेतात, आणि डब्याचा पत्रा फाटून उडतो. हा भाग मे महिन्यात पाहा, तोवर डबा माळ्यावर टाका. दंतवैद्याकडे बीन स्वतःच्या दातांत यंत्र घालतो तो भागही मुलांसोबत बसूनच पाहायचा, त्यांना एकटं लावून द्यायचा नाही.