पॉसममधला क्षय शोधताना आधी काख उघडा

न्यूझीलंडच्या रानातला ब्रशटेल पॉसम हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. फरसाठी १९ व्या शतकात तो तिथे आणला गेला. १९६७ साली दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्यात गायींचा क्षय (मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूचा) सापडला.

हा रोग माणसालाही होतो. म्हणून मेलेल्या पॉसमचं शवविच्छेदन करताना हातमोजे आणि एन-९५ मास्क घातल्याशिवाय सुरी हातात घेऊ नका. मृतदेह उताणा ठेवा आणि केस जंतुनाशकाने भिजवा. कोरडे केस धूळ उडवतात. हनुवटीपासून जांघेपर्यंत फक्त कातडी चिरा आणि दोन्ही बाजूंना सोलून घ्या.

छाती उघडण्याची घाई नको. काखेतल्या आणि जांघेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आधी बघा, कारण पॉसममध्ये क्षय तिथे फार वेळा दिसतो. काखेतली खोल ग्रंथी छातीच्या स्नायूखाली दडलेली असते. स्नायू उचलला नाही तर ती हमखास सुटते. प्रत्येक ग्रंथीचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करा.

गायीची क्षयग्रस्त ग्रंथी कापताना चुना साठल्यामुळे सुरी बऱ्याचदा करकरते. पॉसममध्ये तसं सहसा होत नाही. त्याचं शरीर जंतूंभोवती घट्ट भिंत उभी करू शकत नाही, त्यामुळे गाठ मऊ राहते, आत दाट पिवळट पू भरतो आणि त्यात जंतूंची गर्दी असते. कधी गळू कातडी फोडून वाहतं, काखेतले केस चिकटून त्यांच्या जटा होतात. साधं गळू समजून सोडून देण्याची चूक इथेच होते.

मग फुफ्फुसं. प्रत्येक खंड बोटांमध्ये दाबून बघा, घट्ट लागेल तिथे कापा. पांढरट गाठी दिसतील, कधी अख्खा खंडच भरीव झालेला असेल. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड वरून निरोगी दिसले तरी नमुना घ्याच. तिथले डाग पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडा त्याच्या दसपट १०% फॉर्मालिनमध्ये ठेवा. दुसरा निर्जंतुक डबीत, बर्फावर. याला फॉर्मालिन लागलं तर जंतू मरतात आणि संवर्धन (प्रयोगशाळेत जंतू वाढवणं) वाया जातं. प्रयोगशाळेला पायरुवेट असलेलं माध्यमही वापरायला सांगा, नुसत्या ग्लिसरॉलवर बोव्हिस नीट वाढत नाही. वाढ दिसायला कित्येक आठवडे लागतात. झील-नीलसेन रंजनात (क्षयाचे जंतू लाल रंगवणाऱ्या पद्धतीत) लाल काड्या दिसल्या तरी जंतूची जात संवर्धन किंवा डीएनए चाचणीनेच ठरते.