मोठ्या व्हिडिओवरच स्क्रिप्ट अडकायची, माझा अनुभव

नौपाड्यात ज्या स्टुडिओचं काम मी बघतो तिथे लग्नाचे व्हिडिओ छोटे करायला एक जुनी पायथन स्क्रिप्ट होती, ती आतून एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ बदलायचं कमांडवर चालणारं टूल, चालवते. छोट्या क्लिप झटपट व्हायच्या पण हळदी ते वरात अशी लांबलचक फाइल दिली की मधेच गप्प, ना एरर ना काही, आणि रात्री लावून ठाण्याहून घरी गेलेल्या माणसाला सकाळी अर्धवट फाइल.

कारण असं की एफएफएमपेग आपला सगळा लॉग एसटीडीएररवर, म्हणजे एरर आणि मेसेज बाहेर पडायच्या वाटेवर, टाकतो. स्क्रिप्टने पोपेन (पायथनमधून दुसरा प्रोग्राम सुरू करायची सोय) वापरून तो पाइपला, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या डेटाच्या नळीला, जोडला होता आणि नुसतं वेट करत बसायची, वाचत कोणीच नव्हतं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावतं, ते भरलं की एफएफएमपेग लिहायला थांबतो, स्क्रिप्ट तो संपायची वाट बघते, दोघंही अडकले. तुंबलेली मोरीच ती.

पोपेन काढून सबप्रोसेस.रन घातलं, ते प्रोग्राम संपेपर्यंत पाइप स्वतःच वाचत राहतं. सोबत कॅप्चर आउटपुट ट्रू (आउटपुट जमा कर), चेक ट्रू (फेल झालं तर एरर दे), आणि टाइमआउट. चेक ट्रू तर लावाच प्लीज, नाहीतर कमांड फेल झाली तरी स्क्रिप्ट बिनधास्त पुढे जाते. कमांड लिस्ट म्हणून दिली, शेल ट्रू (कमांड शेलमधून चालवणं) नको, म्हणजे फाइलच्या नावात स्पेस असली तरी चालतं. एक्सेप्शन, म्हणजे पायथनने दिलेली एरर, पकडून एसटीडीएररच्या शेवटच्या ओळी लॉगमध्ये टाकल्या, खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. रिटर्न कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) वजा ९ दिसला तर प्रोसेस बाहेरून किल झालीय, मेमरी संपली की लिनक्स असं करतो, म्हणून आधी मेमरी बघा.

आणि हो, एफएफएमपेगला नोएसटीडीइन (कीबोर्डवरून काही वाचू नको, असा पर्याय) पण द्या, नाहीतर बॅकग्राउंडला तो कीबोर्डकडे बघत बसतो.