मास इफेक्टमधल्या विसंगतींवर टिकाऊ फॅन थिअरी कशी बांधायची

आधीच सांगते, खाली मास इफेक्ट या बायोवेअर कंपनीच्या अंतराळातल्या व्हिडिओ गेम सिरीजच्या तिन्ही गेमचे स्पॉयलर आहेत, शेवटासकट. ज्यांचं खेळून व्हायचंय त्यांनी आधी खेळून घ्या, खरंच, ही सिरीज कोरी असताना खेळायची मजा परत मिळत नाही. आणि माझी शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते मुख्य पात्र, बाई आहे म्हणून मी तिच्याबद्दल स्त्रीलिंगीच लिहिणार.

तर विषय असा की तीनही गेम ओळीने खेळले की कुठे ना कुठे अडखळायला होतंच. पहिल्या गेममध्ये (२००७) बंदुकीच्या गोळ्या संपतच नाहीत, बंदूक तापते, जरा थांबलं की गार होते, परत सुरू. दुसऱ्यात (२०१०) मात्र जमिनीवर पडलेल्या थर्मल क्लिप वेचत पळायचं. मग प्रश्न पडतो की हे असं का, आणि उत्तर गेममध्ये सापडलं नाही तर आपण बनवतो, तीच थिअरी. मी गेली कित्येक वर्षं हे करतेय आणि माझ्या बऱ्याच थिअऱ्या पडल्यात, त्यातून जे कळलं ते लिहितेय. मुख्य म्हणजे थिअरी हे ठिगळ आहे, आणि ठिगळ त्याच कापडाचं लागतं. गेमने स्वतः जे दाखवलंय त्याच्यातूनच ते कापायचं, बाहेरून आणलेलं कितीही भारी असलं तरी उसवतं.

पहिलं काम, भोक नेमकं कुठे आहे ते एका वाक्यात लिहा, सीनसकट. "थर्मल क्लिपचं काही पटत नाही" हे लिहून उपयोग नाही. असं लिहा: दुसऱ्या गेमच्या सुरुवातीला शेपर्ड दोन वर्षांनी टेबलावरून उठते, तिला जिवंत करणाऱ्या टीममधली मिरांडा तिला लॉकरमधलं पिस्तूल घ्यायला सांगते, आणि शेपर्ड लगेच म्हणते की याच्यात थर्मल क्लिप नाहीये. ती मेली २१८३ मध्ये, उठली २१८५ मध्ये, मग तिला क्लिप म्हणजे काय हे ठाऊक कसं? आता बघा, असं लिहिलं की उत्तर शोधायची जागा पण दिसायला लागते. कोडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीकोशात, सांगितलंय की ही कल्पना गेथ नावाच्या यंत्रमानवांकडून आली, ढाल असलेल्या शत्रूवर जो कमी वेळात जास्त गोळ्या मारतो तो जिंकतो, म्हणून बंदूक गार व्हायची वाट बघण्यापेक्षा तापलेला भाग काढून फेकायचा आणि नवा बसवायचा. गेथशी लढाई २१८३ चीच, आणि सिटाडेल या भल्यामोठ्या अंतराळस्थानकावरची लढाई संपल्यापासून शेपर्डच्या नॉर्मंडी जहाजावर हल्ला होऊन ती मरेपर्यंत साधारण महिनाभर जातो. त्या महिन्यात नव्या बंदुकांची पहिली खेप सैन्यात आली असेल, शेपर्डने हाताळली असेल, बस. एवढंसं ठिगळ, पण कशाला धक्का लावत नाही. मला अशा थिअऱ्या सगळ्यात जास्त आवडतात.

आता त्याच क्लिपचं दुसरं भोक बघा, ते शेपर्डचा साथीदार जेकब याच्या मिशनमधलं. त्याच्या वडिलांचं जहाज, ह्यूगो गर्न्सबॅक, दहा वर्षांपूर्वी एया नावाच्या ग्रहावर कोसळलंय, तिथलं खाऊन माणसांच्या डोक्यावर परिणाम झालाय, बाहेरून कोणी मदतीला आलेलं नाही. आणि त्या किनाऱ्यावर चालताना तुम्ही थर्मल क्लिप उचलता! दहा वर्षांपूर्वी ही वस्तू अस्तित्वातच नव्हती. मी इथे पूर्वी जोरात थिअरी मांडली होती की मध्ये कोणीतरी तस्कर उतरून गेले असणार आणि त्यांचं सामान राहिलं. वाटायला बरी वाटते ना? पण मग विचार करा, कोणी उतरून गेलं असेल तर ती माणसं अडकून पडली कशी, आणि जेकबच्या वडिलांनी एवढी वर्षं जे केलं त्याची सगळी भीषणता ज्या एकटेपणावर उभी आहे तो एकटेपणाच गेला. म्हणजे चार क्लिपा समजावण्यासाठी मी अख्खं मिशन मोडलं. ती थिअरी मी मागे घेतली. तिथे क्लिप आहेत कारण खेळणाऱ्याच्या गोळ्या संपू नयेत, तेवढंच. ते कथेतलं भोक नाहीच.

म्हणून दुसरं काम, भोक कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. काही भोकं खेळाच्या सोयीची असतात, त्यांना हात लावू नका. काही बगची असतात. याचं सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे कॉनराड व्हर्नर, तो शेपर्डचा वेडा चाहता. पहिल्या गेममध्ये तुम्ही त्याच्याशी कितीही प्रेमाने बोललेलं असलं तरी दुसऱ्या गेममध्ये तो म्हणतो की तू माझ्या तोंडावर बंदूक रोखली होतीस. आधीच्या गेमची सेव्ह फाइल पुढच्या गेममध्ये आणताना गडबड व्हायची त्यामुळे. यावर लोकांनी स्मृती बदलल्याच्या, दुसऱ्या शेपर्डच्या वगैरे थिअऱ्या बांधल्या असत्या तर त्या सगळ्या तिसऱ्या गेममध्ये (२०१२) कोसळल्या असत्या, कारण तिथे कॉनराड स्वतःच येऊन माफी मागतो की मी तेव्हा फार टेन्शनमध्ये होतो, तू तसं काही केलं नव्हतंस. लिहिणाऱ्यांनी आपलीच चूक पात्राच्या स्वभावात बसवून टाकली. ठिगळ कसं लावावं हे शिकायचं असेल तर तो सीन परत परत बघा, कारण कॉनराड असं काहीतरी बरळेल हे आपल्याला आधीपासून पटतच असतं.

तिसरी जात म्हणजे पात्र खोटं बोलतंय किंवा त्याला माहीतच नाही. इथे लय लोक फसतात. पहिल्या गेममध्ये व्हर्मायर ग्रहावर सॉव्हरिन नावाचा रीपर (रीपर म्हणजे दर चक्रात येऊन प्रगत जीवसृष्टी संपवणारी प्रचंड यंत्रं) सांगतो की आम्हाला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि पुढे लेव्हायथन या डीएलसीमध्ये (गेमनंतर वेगळा येणारा जादा भाग) रीपर कोणी आणि कशातून बनवले ते सरळ कळतं. मग लोक म्हणतात बघा, विसंगती. अहो नाही, एका यंत्राने आपली बढाई मारली, ती बढाई म्हणजे कॅनन, अधिकृत कथा, नव्हे. म्हणून पुरावे गोळा करताना प्रत्येकासमोर लिहून ठेवा की हे कोणी सांगितलं. मी स्वतः हा क्रम लावते: डोळ्यांनी दिसलेलं सगळ्यात वर, मग कोडेक्स, मग जो माणूस तिथे हजर होता त्याचं बोलणं, मग ऐकीव गोष्टी. कादंबऱ्या आणि कॉमिक शेवटी, आणि कादंबरीच्या भरवशावर तर एकटी थिअरी उभी करूच नका, २०१२ मध्ये आलेल्या एका कादंबरीत लोरच्या, म्हणजे गेमच्या जगातल्या माहितीच्या, इतक्या चुका होत्या की चाहत्यांनी त्याची यादी बनवली आणि बायोवेअर आणि प्रकाशकाला माफी मागावी लागली.

आता मोठ्या थिअरीकडे येऊ, जिच्यावर मी जीव टाकला होता. इन्डॉक्ट्रिनेशन थिअरी. इन्डॉक्ट्रिनेशन म्हणजे रीपरनी एखाद्याचं मन हळूहळू ताब्यात घेणं. तिसऱ्या गेमचा शेवट मार्च २०१२ मध्ये लोकांनी पाहिला आणि बऱ्याच जणांना तो पटला नाही, आणि त्यातून ही थिअरी उभी राहिली की लंडनमध्ये हार्बिंजर या रीपरचा किरण लागल्यानंतरचं जे काही दिसतं ते शेपर्डच्या डोक्यात चाललंय, रीपर तिचं मन ताब्यात घ्यायला बघतायत, आणि तीन पर्यायांपैकी रीपर नष्ट करण्याचा पर्याय निवडला तरच ती सुटते. पुरावे मोजायला बसलं की अंगावर काटा यायचा. सुरुवातीला भेटणारा तो लहान मुलगा, त्याच्याशी शेपर्डशिवाय कोणीच बोलत नाही, शेपर्डचा वरिष्ठ अँडरसन हाक मारतो आणि मुलगा गायब, पुढे तो शटलमध्ये चढताना शेजारी उभे असलेले सैनिक त्याला हात पण देत नाहीत. स्वप्नातल्या काळ्या सावल्या. कोडेक्समध्ये इन्डॉक्ट्रिनेशनची लक्षणं दिलीत, डोकं दुखणं, कानात गुणगुण, कोणीतरी बघतंय असं वाटणं, भुतासारख्या आकृत्या दिसणं. अरायव्हल डीएलसीमध्ये शेपर्ड दोन दिवस रीपरच्या वस्तूशेजारी बेशुद्ध पडलेली असते. आणि अगदी शेवटी, रीपर नष्ट केले आणि सैन्यबळ पुरेसं असेल तर ढिगाऱ्यात कोणीतरी श्वास घेतं, छातीवर शेपर्डच्या चिलखतावर असते ती एन सेव्हनची खूण. तो श्वास पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

ही थिअरी एवढी भारी का ते समजून घ्या, कारण तुम्हाला तशीच बांधायचीय. एकतर तिचा पाया सिरीजच्या पहिल्याच गेममध्ये आहे, इन्डॉक्ट्रिनेशन हे कोणी बाहेरून आणलेलं नाही, पहिल्या गेमचा खलनायक सेरन त्यानेच गेला, सर्बरस संघटनेचा प्रमुख इल्यूसिव्ह मॅन त्यानेच गेला. दुसरं, ती एकाच वेळी दहा भोकं बुजवते. तिसरं, तिच्यामुळे गोष्ट जास्त दुखरी होते, कारण ज्याच्याशी शेपर्ड लढतेय तेच तिच्या आत शिरलेलं असतं.

पण आता तीच थिअरी तपासायला घ्या, हे काम कोणालाच आवडत नाही पण इथेच खरी थिअरी आणि नुसती हौस वेगळी होते. प्रत्येक पुरावा एकेकटा उचला आणि विचारा, याचं याहून साधं उत्तर आहे का. किरण लागल्यानंतर शेपर्डच्या पिस्तुलाच्या गोळ्या संपत नाहीत, हा पुरावा मी कितीतरी वेळा ठासून मांडलाय. साधं उत्तर: ती लंगडत चाललीय, गोळ्या संपल्या तर खेळणारा तिथेच अडकेल. गेला पुरावा. मुलाकडे कोणी बघत नाही: गर्दीच्या कटसीनमध्ये मागची माणसं बहुतेक वेळा कोणाकडेच बघत नाहीत. अर्धा गेला. कोडेक्समधली लक्षणं, अरायव्हलचे दोन दिवस: हे मात्र टिकतात, याला साधं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. असं करत गेलं की वीसातले पाच-सहा उरतात आणि तेवढेच लिहायचे. वीस कच्चे पुरावे टाकले की वाचणारा सगळ्यात कच्चा पकडतो आणि पाच पक्के पण त्याच्यासोबत वाहून जातात.

मग जून २०१२ मध्ये शेवट वाढवून दाखवणारा एक्स्टेंडेड कट फुकट आला. आणि इथे एक गोष्ट बघण्यासारखी झाली. मूळ शेवटात मास रिले, म्हणजे सूर्यमाला जोडणारी प्रवासाची यंत्रं, फुटताना दिसत होते, आणि अरायव्हलमध्ये तर आपण स्वतः पाहिलेलं की एक रिले फुटला तर अख्खी बहाक सूर्यमाला गेली, तीन लाखाहून जास्त बटारियन परग्रहवासी मेले. मग सगळे रिले फुटले म्हणजे सगळी आकाशगंगाच गेली का? चाहत्यांनी तेव्हा थिअरी मांडली होती की लघुग्रह आदळून फुटणं वेगळं आणि आपली सगळी ऊर्जा बाहेर सोडून मोडणं वेगळं. एक्स्टेंडेड कटमध्ये रिले पूर्ण न फुटता मोडलेले दाखवले, आणि पुढे ते दुरुस्त पण होतात. म्हणजे ती छोटी थिअरी बरोबर दिशेने होती. तसंच लंडनमध्ये सोबत असलेले स्क्वॉडमेट शेवटी नॉर्मंडीवर कसे पोचले, त्यावर पण नवा सीन टाकला, नॉर्मंडी खाली येऊन त्यांना उचलून नेते. आणि ज्या शेवटांना आम्ही भास म्हणत होतो त्यांच्या पुढचं जग, कोण जगलं, काय बांधलं, हे सगळं नीट दाखवलं. मला ते पाहून वाईट वाटलं, खूपच, पण भासाला एवढं सविस्तर भविष्य कशाला दाखवतील, तेव्हा मी शेवट भास आहे हे म्हणणं सोडलं. शेपर्डवर रीपरचा परिणाम व्हायला लागला होता आणि ती त्याच्याशी झगडत होती, एवढं मी आजही मानते, आणि ते पाच-सहा पुराव्यांवर आरामात उभं राहतं. थिअरी पडली की सगळी फेकायची नसते, तिचा जो भाग उभा आहे तो ठेवायचा.

आता एक न सुटलेलं घ्या सरावाला. रीपर नेहमी सिटाडेलवर आधी हल्ला करतात, तिथूनच सगळे रिले बंद करतात, मग एकेक सूर्यमाला सावकाश संपवतात. तिसऱ्या गेममध्ये मात्र ते पृथ्वी, पालाव्हेन सगळीकडे घुसतात आणि सिटाडेल जवळजवळ शेवटपर्यंत तशीच. का? माझं ठिगळ असं: मागच्या चक्रातल्या, इलॉस ग्रहावरच्या प्रोथियन शास्त्रज्ञांनी सिटाडेल चालवणाऱ्या कीपरना जाणारा सिग्नल बदलला, म्हणजे आतून दार उघडायची सोय गेली. बाहेरून यायचं तर सिटाडेल आपल्या पाकळ्या मिटून घेते, आणि मिटलेली सिटाडेल फोडायला गेलं तर ज्या यंत्रणेवर पुढच्या सगळ्या चक्रांचा सापळा उभा आहे तीच बिघडायची. म्हणून आधी बाकीच्यांना दमवायचं, तिला शेवटी घ्यायचं. मग इल्यूसिव्ह मॅनने रीपरना त्यांच्याविरुद्धच्या क्रूसिबल या शस्त्राचं सांगितल्यावर मात्र थांबून चालणार नव्हतं आणि त्यांनी सिटाडेल पृथ्वीकडे आणली. यात एक कच्चा दुवा आहे, शेवटी एवढ्या पटकन ती हातात आली कशी हे गेम दाखवतच नाही. हे मी लपवत नाही, थिअरीच्या खालीच लिहिते. तुम्ही पण लिहा, कारण तो दुवा जोडणारं कोणीतरी दुसरंच भेटतं.

लिहिताना क्रम साधा ठेवा, आधी भोक, मग पुरावे सीनसकट, मग ठिगळ, मग जे बसत नाही ते. आणि कोणता सीन सापडला तर तुम्ही ही थिअरी सोडाल ते पण एका ओळीत टाका.

आणि दुसऱ्या गेममधल्या हेस्ट्रॉम ग्रहावर परत एकदा जाऊन या. साथीदार टालीला आणायला जातो तिथला तो सूर्य नको तेवढ्या लवकर म्हातारा होतोय, डार्क एनर्जीचं नाव निघतं, आणि तिसऱ्या गेममध्ये त्याचं पुढे काहीच होत नाही. पहिल्या दोन गेमचे मुख्य लेखक ड्र्यू कार्पिशिन यांनी नंतर सांगितलं की डार्क एनर्जीवर शेवट करायची एक कल्पना तेव्हा डोक्यात होती, म्हणजे हा धागा तुटला कसा ते कळलंय. पण गेमच्या आत तो सूर्य अजून मरतोच आहे, आणि त्याला बसेल असं ठिगळ मी अजून वाचलेलं नाही. टालीने तिथून जो डेटा आणला त्यापासून सुरुवात करा.