जुन्या एक्सबॉक्समध्ये मोठी हार्ड डिस्क बसवताना या चुका टाळा

नोव्हेंबर २००१मध्ये अमेरिकेत आलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला गेम कन्सोल एक्सबॉक्स आतून बराचसा पीसीच आहे. त्यात साधी आयडीई (रुंद चपट्या केबलने जोडायची जुनी पद्धत) हार्ड डिस्क असते, ८ किंवा १० जीबीची. आज या यंत्रांचे डीव्हीडी ड्राइव्ह थकलेत, लेन्स धड वाचत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या गेमच्या डीव्हीडी एकदाच हार्ड डिस्कवर उतरवून तिथूनच खेळणं सोयीचं पडतं. कन्सोल मॉड केलेला, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर चालेल असा बदललेला, असेल तर हे जमतं, फक्त जागा पुरत नाही. मग ५०० जीबीची किंवा १ टीबीची डिस्क आणली जाते, आणि "पीसीच तर आहे" म्हणत जुनी काढून नवी लावली जाते. ओळखीच्यांचे असे अडकलेले एक्सबॉक्स गेली काही वर्षं मी उघडून बघतोय. बहुतेक वेळा डिस्क चांगलीच असते, घोटाळा तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या कामात झालेला असतो.

कुलपाची चावी जपून न ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एक्सबॉक्सची हार्ड डिस्क पासवर्डने कुलूपबंद असते. हा पासवर्ड दोन गोष्टींतून तयार होतो: मदरबोर्डवरच्या ईप्रॉम नावाच्या छोट्या चिपमधली गुप्त चावी, आणि त्या डिस्कचा मॉडेल व सिरियल नंबर. म्हणून एका एक्सबॉक्सची कुलूपबंद डिस्क दुसऱ्यात चालत नाही, आणि पीसीला लावली तर ती दिसते पण वाचता येत नाही.

ईप्रॉममधला सगळा मजकूर मिळून २५६ बाइटचा. मराठीतल्या एका लांब वाक्याएवढी ही फाइल. मॉड केलेल्या कन्सोलवरच्या बहुतेक डॅशबोर्डमध्ये (सुरुवातीला दिसणाऱ्या मेनूत) तिचा बॅकअप घ्यायची सोय असते आणि कामाला मिनिटभरही लागत नाही. माझ्या मावसभावाने तो घेतला होता, पण ठेवला होता त्याच हार्ड डिस्कवर. डिस्क बंद पडली तेव्हा बॅकअपही तिच्यासोबत गेला. शेवटी मदरबोर्डवरच्या चिपला तारा जोडून चावी वाचावी लागली, एक अख्खा रविवार त्यात गेला. त्याचा कन्सोल वाचला याचा मला आजही आनंद आहे, पण ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने काय करायचं? म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ही फाइल एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, काढा, पेन ड्राइव्हवर ठेवा, स्वतःलाच ईमेल करा.

आपला मॉड कोणता, हे माहीत नसणं

सेकंडहँड कन्सोल घेणाऱ्यांची ही हमखास अडचण. मॉडचिप (मदरबोर्डवर जोडलेली जादाची चिप) असेल किंवा मदरबोर्डवरचा बायोसच, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्रामच, बदललेला असेल, तर डिस्कला कुलूप असलं काय नि नसलं काय, फरक पडत नाही. सॉफ्टमॉडमध्ये, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने केलेल्या मॉडमध्ये, मात्र सुरुवातीला मूळ बायोसच चालतो, आणि त्याला डिस्क कुलूपबंदच लागते. सॉफ्टमॉडवर उघडी डिस्क लावली की एरर ०५ येते. कुलूप आहे पण चावी जुळत नाही, तर ०६. मॉडचिप बंद करून कन्सोल चालू केला तरी मूळ बायोसला उघडी डिस्क दिसते आणि तीच ०५ येते. तिथे डिस्कला दोष देऊ नका.

यातून खरेदीचाही एक मुद्दा निघतो. कुलूप लावायची सोय प्रत्येक डिस्कमध्ये नसते, आणि साटा (आयडीईनंतरच्या पद्धतीची) डिस्क अडॅप्टरमधून जोडली तर काही अडॅप्टर कुलपाचे आदेश पुढे पोचवतच नाहीत. सॉफ्टमॉड असेल तर दुकानदाराला आधीच सांगा, चालली नाही तर परत घ्याल का म्हणून.

अडॅप्टरची दिशाही बघून घ्या. आयडीई मदरबोर्डला साटा डिस्क जोडणारा वेगळा आणि साटा मदरबोर्डला आयडीई डिस्क जोडणारा वेगळा. दिसायला दोन्ही सारखेच, आणि चुकीचा घेतला तर डिस्क सापडतच नाही.

केबल आणि जंपर

आतली मूळ केबल ४० तारांची आहे. साटा अडॅप्टर लावायचा असेल तर ८० तारांची घ्या, नाहीतर डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. निळं टोक मदरबोर्डला, काळं हार्ड डिस्कला, मधलं राखाडी डीव्हीडीला. नुसत्या केबलने वेग मात्र वाढत नाही. मूळ बायोस सेकंदाला ३३ एमबीच्या मर्यादेतच चालतो. एसएसडी लावून गेम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडेल अशी आशा असेल, तर ती सोडलेली बरी. आवाज आणि उष्णता कमी होते, हा फायदा खरा.

जुन्या डिस्कवरून नवीवर नक्कल करण्यासाठी चिंप नावाचं साधन चांगलं आहे. ते नक्कलही करतं आणि नव्या डिस्कला कुलूपही लावतं. त्या वेळी डीव्हीडी ड्राइव्हची डेटा केबल काढून ती नव्या डिस्कला लावायची, पण डीव्हीडीची पिवळी पॉवर केबल जागेवरच राहू द्यायची. नवी डिस्क तेवढ्यापुरती 'स्लेव्ह', म्हणजे केबलवरची दुय्यम, असते. काम झाल्यावर जंपर (हे ठरवणारी डिस्कवरची छोटी टोपी) परत 'मास्टर'वर आणायचा राहून जातो आणि माणूस रात्रभर एरर ०७ किंवा ०८ शोधत बसतो. वेस्टर्न डिजिटलच्या आयडीई डिस्कवर आणखी एक मेख आहे. डिस्क एकटी असेल तर जंपर काढायचा, सोबत डीव्हीडी असेल तर मास्टरवर लावायचा. या दोन वेगळ्या स्थिती आहेत.

मोलेक्सवरून (आयडीई डिस्कच्या पॉवर प्लगवरून) साटाला वीज देणारी वायर घेताना एका साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची स्वस्त वायर टाळा. तिच्यात तारा एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार झाले आहेत. तारा वेगवेगळ्या खोचलेला कनेक्टर घ्या.

पार्टिशन आणि क्लस्टर

इथली चूक महिनोन्महिने लपून राहते, म्हणून मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते.

एक्सबॉक्सची फाइल सिस्टिम फॅटएक्स. तिचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, असे: सी म्हणजे सिस्टिम, ई म्हणजे सेव्ह आणि इतर डेटा, एक्स, वाय, झेड या गेमच्या तात्पुरत्या फाइलींच्या जागा. मॉड केल्यावर उरलेली जागा एफ आणि जी म्हणून मिळते. मूळ बायोसला १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही. त्यापुढे जायला एलबीए ४८ची (मोठ्या डिस्कवरची जागा मोजायच्या पद्धतीची) सोय असलेला बायोस किंवा सॉफ्टमॉडमधला तसा पॅच लागतो. तो नसताना मोठी डिस्क भरत गेलात, तर आधीचा डेटा खराब होऊ शकतो.

हे बहुतेकांना ठाऊक असतं. क्लस्टरचं, म्हणजे फाइलींना जागा वाटायच्या सगळ्यात छोट्या तुकड्याचं, ठाऊक नसतं. एका पार्टिशनला २५६ जीबीपर्यंत १६ केबीचा क्लस्टर चालतो, ५१२ जीबीपर्यंत ३२ केबीचा, १ टीबीपर्यंत ६४ केबीचा. ४५० जीबीची एफ १६ केबीवर फॉरमॅट केली तर पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. गेम कॉपी होतात, चालतात. अर्धी डिस्क भरल्यावर मात्र जुने गेम मध्येच अडकायला लागतात, फोल्डरची नावं विचित्र दिसतात, आणि तोवर कारण लक्षात येणं अवघड होऊन बसतं. माझ्या पहिल्या मोठ्या डिस्कवर हेच झालं. मी आधी रॅमवर संशय घेतला, मग केबल बदलली. शेवटी सगळं पुसून एक्सबी पार्टिशनर नावाच्या प्रोग्रामने ६४ केबीवर नव्याने फॉरमॅट केलं, तेव्हा कुठे शांत झालो.

तसंच, काही बायोस आणि पॅच पार्टिशनची मांडणी डिस्कवरच्या तक्त्यातून वाचतात, काही स्वतःची ठरलेली मांडणी धरतात. एकात 'एफला सगळी जागा' आणि दुसऱ्यात '१३७ जीबीपर्यंत एफ, पुढे जी' असं झालं, तर एफ आणि जी एकमेकांवर चढतात. बायोस किंवा सॉफ्टमॉड बदलला की कॉपी करण्याआधी ही मांडणी तपासा.

डिस्क पीसीला जोडली तर विंडोज ती इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करायची का, असं विचारेल. नाही म्हणा. फॅटएक्स त्याला कळत नाही, आणि होकार दिला तर डिस्कच्या सुरुवातीलाच तो स्वतःचं काहीतरी लिहितो. पीसीवरूनच काम करायचं असेल तर फॅटएक्सप्लोरर हा प्रोग्राम वापरा.

अमेरिकेहून आलेला कन्सोल

आपल्याकडे हे यंत्र बहुधा परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आलेलं असतं. अमेरिकन एक्सबॉक्सचा आतला पॉवर सप्लाय ११० व्होल्टच्या घरचा. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावू नका, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

उघडलाच आहे तर घड्याळाचा, म्हणजे वीज नसताना ते चालू ठेवणारा, कपॅसिटरही बघा. मदरबोर्डच्या १.०पासून १.५पर्यंतच्या आवृत्त्यांत तो गळतो आणि बोर्डवरच्या रेषा खातो, म्हणून तो काढून बोर्ड स्वच्छ करतात. १.६ आवृत्तीत मात्र तो काढायचा नाही. जुन्या आवृत्त्यांतही तो काढल्यावर प्लग उपसला की घड्याळ पुसलं जातं, आणि काही जुने सॉफ्टमॉड त्यामुळे एरर १६वर अडकतात. तुमचा सॉफ्टमॉड घड्याळाशिवाय उठतो की नाही, हे आधी बघून घ्या.

कॉपी करताना

नेटवर्क पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे. अगदी पूर्ण वेगाने गेलं तरी ५०० जीबीला अकरा तासांच्या वर लागतात, तेव्हा वायफायच्या अडॅप्टरच्या फंदात न पडता केबल लावा. फाइलच्या नावाला ४२ अक्षरांची मर्यादा आहे आणि एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. गेम मध्येच तुटला तर आधी हे बघा.

ई मात्र आहे तेवढीच राहते, पाचेक जीबीची, आणि सगळे सेव्ह तिथेच जातात. जुन्या डिस्कवरून गेम आणायची आठवण सगळ्यांना असते, ईमधल्या यूडेटा आणि टीडेटा या फोल्डरांची राहते. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी भावासोबत अर्धवट सोडलेला खेळ त्यातच असतो. हे दोन फोल्डर आधी काढून ठेवा. नवी डिस्क व्यवस्थित चालायला लागली तरी जुनी पुसू नका. तिच्यावर कन्सोलचा सिरियल नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि अँटीस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा. त्या बोर्डची चावी लागणारी ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या एक्सबॉक्सला उघडायची नाही.