जळका वास नानकटाईचा नव्हता

स्वयंपाकघराचं काम संपलं आणि पहिल्याच रविवारी नानकटाईचा ट्रे ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, सरकवला. दहा मिनिटांत जळका वास. बिस्किटं तर अजून पांढरीच! प्लगला हात लावला तर चटका बसला.

ओटीजी 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 8.7 अँपियर. सॉकेट 6 अँपियरचं. त्यात मोठा प्लग बसवायला कन्व्हर्टर लावायचा शहाणपणा माझाच.

वायरमननं मेन बोर्डापासून 4 चौरस मिमीची वेगळी वायर ओढली, 16 अँपियरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) बसवली. त्यापायी नवी कोरी टाइल फोडावी लागली. तिथे आता सासूबाईंनी कॅलेंडर लटकवलंय. पुढचा ट्रे 160 अंशांवर 18 मिनिटांत खुसखुशीत झाला. मुलांनी गार होऊ दिलाच नाही.